डावा खांदा, चार बोटं

“हा कोट काल फाटका होता,” थोरली म्हणाली.

तिच्या धाकट्या जावेने इस्त्रीवरून मान वर केली नाही. “मग आज?”

“आज धडधाकट आहे. ये, बघ. डोळे असतील तर बघ.”

थोरलीने कोट खिडकीपाशी नेला आणि उजेडात उलटा धरला. डाव्या खांद्यावर तिने स्वतः ब्लेडने चार बोटांची चीर पाडली होती. मग चिरेच्या कडा काचकागदाने घासून विस्कटल्या होत्या, वरून राख चोळली होती. सबंध दुपार गेली होती त्यात. आता तिथे बारीक टाके होते, एकाला एक लागून, इतके सुबक की हात फिरवला तरी बोटाला कळू नये.

“छान शिवलंय,” धाकटी म्हणाली.

“छान? छान म्हणे! आज दिवसभर हा कोट घालून ती मुलगी पुलावरून पळाली. काल पुलाच्या अलीकडे खांदा फाटका, आज पलीकडे खांदा शाबूत. मध्ये काय शिंप्याचं दुकान लागलं होतं का?”

धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली आणि ती कॉलरच्या त्याच घडीवरून उगाच हात फिरवत राहिली.

लोकांच्या घरात चोर शिरला की वस्तू जातात. थोरलीच्या खोलीत भलतंच चाललं होतं. चोर येत होता, फाटकं शिवून ठेवत होता आणि जाताना काहीसुद्धा नेत नव्हता. आधी सतरा नंबरच्या पँटचा गुडघा शिवलेला सापडला. मग गर्दीतल्या एका म्हातारीची शाल. ती दोन्ही तिने वेळीच पुन्हा फाडली आणि कुणाला सांगितलं नाही. पण कोट मुख्य मुलीचा होता आणि आज तो शिवलेला असताना कॅमेऱ्यासमोर जाऊन आला होता.

सव्वीस वर्षं थोरली कपडेपट सांभाळत होती. या माणसाचा शर्ट त्या माणसाच्या अंगात कधी गेला नव्हता, की बटण हरवलं म्हणून कधी काम थांबलं नव्हतं. पाठीमागे लोक तिला ‘कुलूप’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. प्रत्येक कपड्याला नंबर, प्रत्येक नंबराला रजिस्टरात एक ओळ. कुणी घातला, कधी परत आला, कुठे डाग, कुठे भोक. नवऱ्याच्या अखेरच्या आजारात औषधांचं रजिस्टरही तिने असंच ठेवलं होतं आणि डॉक्टरांच्या दोन चुका काढल्या होत्या.

या चित्रपटाची गंमत अशी होती की इथे सगळं उलटं. शाळेतल्या पोरांनी उशाला घेऊन वाचलेल्या एका कादंबरीवरून तो बनत होता आणि हा त्याचा दुसरा भाग. पहिल्या भागात पाणी संपलेलं शहर होतं, शहराभोवती भिंत होती आणि पाणी शोधायला भिंतीबाहेर पाठवलेली एक मुलगी होती. बाप मरताना तिला आपला कोट देतो. दुसऱ्या भागात तीच मुलगी मागे राहिलेल्यांना सोडवायला परत येते. आता सगळे आणखी वाळलेले, आणखी मळलेले, आणखी फाटलेले हवेत. म्हणजे थोरलीने जन्मभर जे केलं, त्याच्या नेमकं विरुद्ध. शिवायचं नाही. फाडायचं.

पहिल्याच दिवशी ती वेशभूषा करणाऱ्या चष्मेवाल्याशी भांडली होती. हा तिच्या मुलाच्या वयाचा. चष्मा कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही.

“शंभर माणसं जगली आणि त्यात एकाकडेही सुई नाही?” तिने विचारलं होतं.

“नाही बाई. जगच संपलंय त्यांचं.”

“जग संपलं तरी बाई सुई टाकत नाही. डबा टाकेल, नवरा टाकेल.”

तो हसला होता. आज तो हसत नव्हता. संध्याकाळी दारात उभा राहून, आत न येता तो म्हणाला, “पूल आजच पाडला, बाई. तो प्रसंग परत घेता येणार नाही. जे झालं ते पडद्यावर राहणार. शनिवारी भिंत जळते. तीही एकदाच जळणार. त्या दिवशी त्या कोटावर एक टाका जरी दिसला ना...” पुढचं वाक्य त्याने गिळलं. “तुम्ही खूप वर्षं केलंत. आराम हवा असेल तर सांगा.”

घरी आराम करणारी माणसं थोरलीने पाहिली होती. खुर्चीत बसतात, खिडकीतून बघतात आणि दोन वर्षांत आटोपतात.

“शनिवारी सकाळी आठला या,” ती म्हणाली. “चोर तुमच्या हातात देते.”

तो गेल्यावर तिने ब्लेड घेतलं, टाके एकेक करून उसवले, कडा पुन्हा विस्कटल्या आणि रजिस्टरात लिहिलं: ‘मुलीचा कोट. डावा खांदा, चार बोटं. फाटका. गुरुवार संध्याकाळ.’ खाली सही केली. कोट कपाटात, कपाटाला कुलूप, खोलीला कुलूप.

किल्ल्या दोनच होत्या. एक थोरलीच्या कमरेला. दुसरी धाकटीकडे, कारण सकाळची इस्त्री तिची.

थोरलीला पहिल्यापासून जावेचा संशय होता. खरं म्हणजे तीस वर्षांपासून होता, फक्त गुन्हा आत्ता सापडला होता. त्याचं मूळ सासूच्या शिवणयंत्रात होतं. सासूने मरण्याआधी वाटणी केली, ती अशी: यंत्राचं डोकं थोरलीला, पायट्याचं टेबल धाकटीला. म्हातारी भलती हुशार. दोघींना एकमेकींशिवाय झबलंसुद्धा शिवता येऊ नये अशी सोय. दोन वर्षं डोकं एका घरात, पाय दुसऱ्या घरात. शेवटी धाकटीने टेबल आणून दिलं, एक शब्द न बोलता. तेव्हापासून थोरलीला वाटत आलं, की हिने एवढ्या सहज दिलं कसं? यात काहीतरी असणार.

पुढे धाकटीचा नवरा गेला. तिचे हात रिकामे राहू नयेत म्हणून थोरलीनेच तिला या कामावर लावून घेतलं. उपकार केले आणि केल्या दिवसापासून त्यांच्यावर नजर ठेवली.

शुक्रवारी मुलीचं काम नव्हतं. कोट खोलीतच होता. दुपारी चहाच्या वेळी दोघी नेहमीसारख्या खिडकीपाशी बसल्या. थोरलीने मुद्दामच विषय काढला. हातात कसलंसं बटणाचं काम होतं, ते चालू ठेवून ती तिरक्या नजरेने जावेकडे बघत होती.

“मी यादी केलीय,” ती म्हणाली.

“कसली?”

“संशयितांची. एक, त्या मुलीची आई. दिवसभर विणकाम घेऊन बसते. सुयांची सवय आहे. लेक फाटक्यात दिसते, हे कुठल्या आईला बघवेल?”

“विणायच्या सुयांनी रफू होतं होय, जाऊबाई?”

“ज्याला करायचंय तो करतो. दोन, चाळीस नंबरचा म्हातारा. गर्दीत उभा राहतो तो. पूर्वी शिंपी होता म्हणे.”

“त्याचे हात थरथरतात. चहा अर्धा बशीत असतो त्याचा.”

“तुला बरं सगळ्यांचं ठाऊक!” थोरलीने दोरा दाताने तोडला. “तीन...”

“तीन मी,” धाकटी म्हणाली.

“मी कुठे म्हटलं?”

“तुम्ही कधी म्हणता? बघता नुसतं. चहा निवतोय तुमचा.”

धाकटी तिच्या हातांकडे बघत होती. थोरलीला वाटलं, अपराधी माणूस डोळ्यांत बघत नाही, हातांकडेच बघतो. तिने ते मनात टिपून ठेवलं. मग उठली, मांडीवरचं काम आवरलं, कपाट बंद केलं, कुलूप ओढून पाहिलं. दोनदा.

शनिवारी ती सहालाच आली आणि तिने दाराचं कुलूप आतून लावून घेतलं. खोलीच्या मागच्या बाजूला पहिल्या भागात मेलेल्या माणसांच्या कपड्यांची दांडी होती. पहिल्या भागाच्या शेवटी सत्तावीस माणसं मेली होती आणि सत्तावीसही कपडे थोरलीने धुऊन जपून ठेवले होते, न जाणो तिसऱ्या भागात कुणी जिवंत व्हायचा. ती त्या दांडीमागे स्टूल टाकून बसली. एका मेलेल्या शिपायाची बाही नाकाशी येत होती. गुडघे दुखत होते. या वयात मेलेल्यांत लपून बसायची वेळ आली, ती या जावेमुळे, असा तिने मनाशी हिशेब लावला.

पावणेसातला कुलूप वाजलं. धाकटी आत आली. दिवा न लावता सरळ कपाटाकडे गेली. कोट काढला, टेबलावर पसरला, डावा खांदा वर घेतला. पिशवीत हात घातला.

“सापडलीस!” थोरली उठली. शिपायाचा शर्ट तिच्या खांद्यावर तसाच लोंबत होता.

धाकटी दचकली नाही. दमल्यासारखी खुर्चीत बसली. “अहो, त्या मेलेल्यांतून बाहेर या आधी. पडाल.”

“तीस वर्षं ओळखते मी तुला. काय वाईट केलं होतं मी तुझं? माझी सव्वीस वर्षं घालवायला निघालीस? हात पुढे कर. दाखव सुई.”

धाकटीने मूठ उघडली. हातात ब्लेड होतं.

थोरली थबकली. मग टेबलापाशी गेली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात कोटाचा डावा खांदा दिसत होता. शाबूत, गुळगुळीत. टाक्याला टाका लागलेला.

“हे कधी झालं?” तिने विचारलं. “मी गुरुवारी फाडला. लिहून ठेवलंय.”

“झालं खरं.”

“तू ब्लेडने काय करत होतीस?”

“फाडत होते. रोज फाडते. सकाळी लवकर येऊन.” धाकटी खाली बघत म्हणाली. “बुधवारी रात्रभर नातवाला ताप होता, म्हणून गुरुवारी उशीर झाला. त्या दिवशी तुम्हीच कोट बाहेर दिलात.”

“रोज फाडतेस? म्हणजे रोज कुणीतरी शिवतं? कोण?”

बाहेर कुणीतरी गाडीतून लाकडं उतरवत होतं. भिंत पेटवायची तयारी.

“मी,” धाकटी म्हणाली. “मीच शिवते. माझं नाव सांगा त्याला. मी रोजंदारीवर आहे, गेले म्हणून काही बिघडत नाही. तुमचं राहू दे.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि मग कोटाकडे. माणसं खोटं बोलतात, कापड बोलत नाही, यावर तिचा सव्वीस वर्षांचा भरवसा होता. तिने चष्मा पुसला, लावला आणि टाक्यांवर वाकली.

धाकटी डावखुरी होती. तिचा टाका कायम डावीकडे कलायचा. सासू त्यावरून बोलून बोलून थकली होती. हे टाके उजवीकडे कलले होते. शेवटी गाठ नव्हती. दोरा त्याच भोकातून तीनदा आत वळवून सोडला होता. गाठ बोचते म्हणून सासू तसं करायची. धाकटीला ते कधी जमलं नव्हतं. शिकली होती एकच सून.

“तू नाहीस ही,” थोरली हळू म्हणाली.

“मीच आहे म्हणते ना! मला चांगलं काही येतच नाही असं धरूनच चालता तुम्ही.”

“उगाच भांडू नको.”

धाकटीची नजर थोरलीच्या ॲप्रनवर गेली. थोरलीनेही खाली पाहिलं. ॲप्रनच्या पट्ट्यात, छातीपाशी, कायम असायची तशी सुई खोचलेली होती. सुईत वीतभर दोरा होता. मातकट, राखेच्या रंगाचा. कोटाचा रंग.

थोरलीने रजिस्टर ओढलं. पुढची पानं तिला पाठ होती. ती मागून उघडली. मागच्या पानांवर पूर्वीच्या चित्रपटांत दुरुस्त्या लिहिल्या जात. या चित्रपटात दुरुस्त्याच नव्हत्या, म्हणून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. तिथे तिच्या स्वतःच्या अक्षरात, ओळीने, नीट समास सोडून लिहिलेलं होतं:

‘पँट सतरा. गुडघा. रफू पूर्ण.’

‘शाल. कोपरा. रफू पूर्ण.’

‘मुलीचा कोट. डावा खांदा, चार बोटं. रफू पूर्ण.’

कोटाची नोंद या पंधरवड्यातच अकरा वेळा होती. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण आणि सही. शेवटची कालची, शुक्रवार दुपारची. चोरानेच पंचनामा लिहून ठेवला होता आणि तोही अगदी स्वच्छ.

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“काल?” तिने विचारलं. “काल तर मी तुला यादी सांगत होते.”

“सांगत होतात. आणि हात चालू होता. तुम्हाला वाटत होतं बटण लावताय.”

“मग अडवलं का नाहीस?”

“पहिल्यांदा अडवलं होतं. तुम्ही म्हणालात, फाटकं कसं देणार बाहेर, लोक काय म्हणतील. मग थोड्या वेळाने विसरलात. परत कसं अडवू?” धाकटीने कोटाचा खांदा सारखा केला. “शिवताना चेहरा किती शांत असतो तुमचा. नाहीतर दिवसभर नुसत्या संशयाने बघत असता.”

“घरी कोणाला सांगितलंस?”

“नाही.”

“किती दिवस झाले?”

“तीन महिने होतील.”

तीन महिने ही बाई पहाटे उठून येत होती आणि थोरलीने घातलेले टाके थोरलीसाठीच उसवत होती. आणि थोरली तिच्यावर पाळत ठेवत होती. यंत्राचं टेबल हिने इतक्या सहज का दिलं, याचं उत्तर बहुतेक एवढंच होतं, की हिने सहज दिलं. हे थोरलीच्या आज लक्षात आलं. पण उद्या हे लक्षात राहील की नाही, याची आता खात्री देता येत नव्हती.

“ब्लेड दे,” ती म्हणाली. “नाही, तूच फाड. लवकर आटप. आठ वाजता तो येईल.”

धाकटीने फाडलं. थोरलीने राख चोळली. दोघींनी मिळून कडा विस्कटल्या, एकीने डाव्या हाताने, एकीने उजव्या.

चष्मेवाला आठला पाच कमी असताना आला. कोट उचलून खांदा पाहिला, मान डोलावली. “ठीक. आणि चोर?”

“सापडला,” थोरली म्हणाली.

त्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटी उभी राहिली.

“तिच्याकडे कशाला बघताय? डावखुरी आहे ती. तिला असं जन्मात जमणार नाही.” थोरलीने कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. “इकडे बघा. सुई माझ्याकडे आहे.”

तिने रजिस्टर मागच्या पानावर उघडून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने चष्मा डोक्यावरून खाली घेतला. पहिल्यांदाच. वाचलं. पुन्हा वाचलं.

“बाई...”

“आरामाचं बोलू नका आता. ते मी घरी बघते. हिला ठेवा. फाडायचं काम हिला छान येतं.” तिने किल्ली धाकटीच्या हातात ठेवली आणि रजिस्टरात शेवटची ओळ लिहिली: ‘किल्ली एक. धाकट्या जावेला दिली. शनिवार.’ मग सही केली आणि धाकटीला म्हणाली, “तूही कर. घेणाऱ्याची सही लागते.”

त्या दिवशी भिंत छान जळाली म्हणतात. थोरलीने ती पाहिली नाही. मेलेल्यांचे सत्तावीस कपडे मोजून ती घरी गेली.

चित्रपट पुढल्या वर्षी लागला. दुपारच्या खेळाला धाकटी तिला घेऊन गेली. मध्ये थोरली, एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला तेरा वर्षांची नात. नातीने कादंबरी चारदा वाचली होती आणि पुढे काय होणार ते सांगायला ती उतावीळ होती.

थोरलीने आधी दारं मोजली. मग पुढच्या रांगेतल्या माणसाकडे बराच वेळ रोखून पाहिलं. “हा आपल्या मागून आला,” ती कुजबुजली.

“तो पुढे बसलाय, आजी.”

“तेच तर.”

दिवे गेले. पडद्यावर वाळलेलं शहर, मळलेली माणसं, फाटकी शाल, फाटका गुडघा. थोरली नाक मुरडत बघत होती. मग पूल आला. मुलगी धावत आली, खांद्यावरची चीर वाऱ्याने फडफडत होती. पुलाच्या मध्यावर ती थांबली, मागे वळली आणि पडदाभर तिचा खांदा दिसला. डावा. शाबूत. जेमतेम दोन श्वास. मग ती पळाली.

“अय्या, चूक!” नात म्हणाली. “आत्ता फाटका होता ना? पुस्तकात असं काही नाही.”

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. शेजारच्या खुर्चीत थोरली पुढे वाकली होती. तिचा उजवा हात मांडीवर हलत होता, चिमटीत काहीतरी धरल्यासारखा, तीनदा आत वळणारा.

“ए,” ती जावेच्या कानाशी आली. डोळे बारीक झाले होते, जुन्या दिवसांसारखे. “ह्या शंभरात कुणाकडे तरी सुई आहे. लपवून ठेवलीय.”

“असेल,” धाकटी म्हणाली.

“बाई चांगली दिसते. गाठ नाही मारली.”

“हो.”

थोरलीने आजूबाजूला पाहिलं. पुढच्या माणसाकडेही पाहिलं. मग जावेचा हात घट्ट धरला.

“तुला दिसलं, तेवढं पुरे,” ती म्हणाली. “सांगू नको कुणाला. काढून घेतील तिच्याकडून.”